बर्फासाठी घेतलेली गाडी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये हिवाळ्यातली सकाळ आधी कानांना कळायची. खाली पार्किंगमध्ये बर्फ सारणाऱ्या ट्रकचं पातं डांबर खरवडत जायचं, मग भिंतीलगतचा रेडिएटर ठोके दिल्यासारखा वाजायला लागायचा, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आईच्या लाटण्याचा आवाज यायचा. त्या रेडिएटरवर आई दह्याचं विरजण ठेवायची. नागपुरात जे दही उन्हाळ्यात दोन तासांत आंबट होऊन जायचं, ते इथे लोकरी मफलरमध्ये गुंडाळून रात्रभर जपावं लागायचं. कणीक वेगळीच असायची, पोळ्या जरा चिवट व्हायच्या. हिरवी मिरची मिळायची नाही, म्हणून जाड सालीची मेक्सिकन मिरची फोडणीत पडायची आणि घरभर ठसका लागायचा. आई खिडकी उघडायची आणि बर्फाची थंडी आत आली की लगेच बंद करायची. हे रोजचं होतं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझ्या वडिलांना नीटसं ओळखत नव्हते. बाबा आमच्या आधी पाच वर्षं अमेरिकेत आले होते. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. आम्हाला घ्यायला विमानतळावर आलेला माणूस बारीक झाला होता, मिशी काढलेली होती, आणि दर दोन वाक्यांनंतर सॉरी म्हणत होता. घरात ते पाहुण्यासारखे वागायचे. मीठ हवं असलं तर "मीठ मिळेल का?" असं विचारायचे. आई त्यांच्याशी भांडत नसे, पण कामापुरतंच बोलायची. "दूध संपलंय." "फोन आला होता." एवढंच. त्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण त्या कारणाची मी साक्षीदार होते.

बाबा गेल्यावर पहिलं वर्षभर त्यांची पत्रं मराठीत यायची, बारीक सुंदर अक्षरातली. दुसऱ्या हिवाळ्यात अचानक टाइप केलेली पत्रं यायला लागली, तीही इंग्रजीत. चार-पाच ओळींची. मी बरा आहे, अभ्यास चालू आहे, थंडी आहे. आई मॅट्रिकपर्यंत शिकलेली, पण इंग्रजी तिला जेमतेम लागायचं. धाकटे काका वाचून द्यायला तयार होते, पण नवऱ्याचं पत्र दिराकडून वाचून घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मग मी, सहावीतली, शब्दकोश घेऊन बसायची आणि एकेक शब्द शोधून तिला सांगायची. चार महिने हे चाललं. नंतर पुन्हा मराठी पत्रं आली, पण अक्षर बदललेलं, तिरकं, आणि मजकूर तुटक. आई म्हणाली, "सवय गेली त्यांची." मला वाटतं त्या चार महिन्यांत तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं, की हा माणूस आता आपला राहिला नाही, आणि तेच घेऊन ती विमानात बसली.

तर स्कीइंगचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते लिंडामुळे. शाळेत माझ्याशी आपणहून बोलणारी ती पहिली मुलगी. शाळेचा स्की क्लब दर शनिवारी उत्तरेकडच्या एका टेकडीवर जायचा, तीन तासांच्या अंतरावर. लिंडा सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या टेकडीबद्दल अशी बोलायची, की तिथे न गेलेल्या मुलीला पुढचे पाच दिवस ऐकत बसण्यापलीकडे काही उरायचं नाही. मी चौकशी केली तेव्हा क्लबच्या बसमधल्या जागा भरल्या होत्या. उशिरा येणाऱ्या मुलांना आईवडिलांनी आणून सोडलं तर चालेल, असं सरांनी सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. आईने भात वाढता वाढता विचारलं, "आणि पाय मोडला म्हणजे?"

बाबा खाली ताटाकडे बघत म्हणाले, "टेकडीवर जितके मोडतात त्याहून जास्त रस्त्यावर मोडतात." मग जरा थांबून म्हणाले, "जाऊ दे तिला. मी नेईन. पण आहे त्या गाडीने नाही. आपण दुसरी बघू."

आमच्याकडे तेव्हा एक लांबलचक जुनी सेडान होती. ती मागच्या चाकांच्या जोरावर चालायची आणि बर्फात तिचा मागचा भाग बाजूला सरकायचा. बाबा ती फक्त ऑफिसपर्यंत न्यायचे. ते एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकच्या चाचण्यांचं काम करायचे. कंपनीची नवी गाडी सवलतीत मिळत होती, पण घर घ्यायचं म्हणून साठवणं चालू होतं, तेव्हा नव्याचा प्रश्नच नव्हता. परवडणारी, जुनी, पण बर्फात विश्वासाने नेता येईल अशी गाडी हवी होती. आईने "करा काय ते" म्हणून आमटीचं पातेलं उचललं.

पुढचे चार शनिवार मी आणि बाबा गाड्या बघत फिरलो. आज, इतक्या वर्षांनी, माझ्या नोव्हाय गावातल्या घराबाहेर उभी असलेली गाडी बटण दाबलं की सीट गरम करते आणि चाक घसरलं तर स्वतःच सावरते. ती मी फोनवर फोटो बघून घेतली, पाऊण तासात. त्या चार शनिवारांची मजा तिला नाही. बाबा वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर खुणा करायचे, फोन करून पत्ते घ्यायचे आणि सकाळी नऊला आम्ही निघायचो. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी असायची. तिच्यात टॉर्च, लोहचुंबक आणि जुनी सतरंजी. शाळेच्या जिममध्ये जुन्या स्कींची विक्री झाली तेव्हा आम्ही माझ्यासाठी एक जांभळी जोडी घेतली होती. बाबांनी तिच्या लांबीची लाकडी पट्टी कापून घेतली. प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडून ते ती पट्टी आत सरकवायचे आणि दार बंद होतंय का बघायचे. विकणारे चक्रावून बघायचे. बाबा गंभीरपणे सांगायचे, "इट इज फॉर माय डॉटर."

पहिली गाडी लाल होती, आणि मला ती बघताक्षणी आवडली. बाबांनी चाकाच्या वरच्या पत्र्याला चुंबक लावलं, ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. परतताना त्यांनी समजावलं, "इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने पत्रा गंजतो. गंज खरवडून भरण भरायचं आणि वर रंग द्यायचा. चुंबकाला लोखंडच मिळालं नाही तर ते चिकटणार कशाला?" दुसऱ्या ठिकाणी आम्ही पोचलो तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवलेली. बाबांनी बोनेटवर हात ठेवला आणि आभार मानून निघाले. मी विचारलं, "बघितली पण नाही तुम्ही?"

"मी फोनवर सांगितलं होतं, चालू करून ठेवू नका. थंडीत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कशी सुरू होते, ते बघायचं असतं. गरम झाल्यावर सगळ्याच गोड बोलतात."

असं ते बोलायला लागले. घरात मीठसुद्धा परवानगी घेऊन मागणारा माणूस गाडीत मला टायरच्या खाचा, हीटरचं पाणी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात का बरी, हे सगळं सांगत होता. मी विचारत होते, कारण उत्तरं मिळत होती. तिसऱ्या शनिवारची पांढरी गाडी त्यांना जवळजवळ पसंत पडली होती. इंजिन चांगलं, टायर नवे, पट्टी आत मावली. बाबा सतरंजी पसरून गाडीखाली आडवे झाले, मी मागच्या सीटवर बसून बघितलं. माझ्या घोट्यांना गार वारा लागत होता. मी पायाखालची नवी कोरी चटई उचलली, तर खाली गाडीच्या तळाला भोक, आणि त्यातून खालचा बर्फ दिसत होता.

"बाबा, इथे भोक आहे."

"कुठे?"

"माझ्या पायाशी. डावीकडे."

खालून खुडबुड झाली आणि त्या भोकातून काळ्या हातमोज्यातलं एक बोट वर आलं. ते इकडे-तिकडे हललं. मला इतकं हसू आलं की मी सीटवर आडवी झाले, आणि मग गाडीखालून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. अमेरिकेत आल्यापासून मी तो पहिल्यांदा ऐकला. घरी परत येताना त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. म्हणाले, "पुढच्या वेळी आतलं सगळं तू बघायचं. मी खालचं बघतो."

चौथी गाडी एका निवृत्त संगीत शिक्षिकेची होती. शेणाच्या रंगाची, चौकोनी, मागे भरपूर जागा असलेली स्टेशन वॅगन. बाईंनी दार उघडल्या उघडल्या गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. मागचं डावं दार आतून उघडत नाही. रेडिओवर एकच स्टेशन लागतं. ब्रेकचे पाइप गंजले होते, ते गेल्या वर्षी सगळे बदलून घेतले. बाबांनी हे शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. बाईंनी मला कोको दिला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीवर बर्फ होता आणि चेहऱ्यावर समाधान. त्यांनी बाईंची परवानगी घेऊन गाडी जवळच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेली, मला पट्टा लावायला सांगितला आणि बर्फावर वेग घेऊन कचकन ब्रेक लावला. तीनदा. तिन्ही वेळा गाडी थोडी घसरून सरळ उभी राहिली. त्यानंतर ते स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवून नुसते बसून राहिले. मला वाटलं, किमतीचा विचार करताहेत.

गाडी घरी आली त्या दिवशी आई मोज्यांवर चपला घालून खाली आली. तिने रंग बघून नाक मुरडलं, पण कुंकवाचं ओलं बोट बोनेटवर टेकवलं. ते तिथेच गोठलं आणि मार्चपर्यंत टिकलं. बाबा तिला हीटर दाखवायला गेले. "बघितला," म्हणून ती वर निघून गेली.

स्कीइंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या शनिवारी मी चालले त्यापेक्षा जास्त पडले. मला उठवून उठवून लिंडाचे हात दुखले. टेकडीच्या पायथ्याशी एक लाकडी हॉल होता, शेकोटी, ओल्या मोज्यांचा वास, फ्रेंच फ्राइज. बाबा तिथे खिडकीजवळचं टेबल धरून बसायचे, थर्मासमधला चहा आणि पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी समोर ठेवून. मी कुठल्या उतारावर आहे ते त्यांना माझ्या लाल टोपीवरून कळायचं. मी विचारलं, "तुम्ही नाही येत शिकायला?" "मी इथून बघतो," म्हणाले. मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि नातवंडांच्या पोहण्याच्या क्लासला काचेपलीकडे बसते तेव्हा कळतं, की तसं बसून बघण्यातही माणूस दमतो.

जाताना नकाशा माझ्या मांडीवर असायचा. दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं, की अर्ध्या वाटेवर बाबा सरळ रस्ता सोडून एक मोठा वळसा घेतात. विचारलं तर म्हणाले, त्या रस्त्यावरचा बर्फ नीट काढत नाहीत. तिसऱ्या शनिवारी त्या वळशाच्या रस्त्यावर एक मोठा ट्रक आडवा झाला होता आणि पोलिसाने आम्हाला हात करून सरळ रस्त्यावर पाठवलं. रस्ता चांगला स्वच्छ होता. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधूनच एखादं घर. तरी बाबा हळूहळू जायला लागले. मागची गाडी हॉर्न देऊन पुढे निघून गेली. एका चौकापाशी, जिथे नुसते दोन शेतरस्ते एकमेकांना छेदत होते, त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. इथे माझा अपघात झाला होता."

मला वाटलं ते लहानसं काहीतरी सांगताहेत. ते समोर बघत, सावकाश बोलत राहिले. दुसरा हिवाळा होता. ते तेव्हा उत्तरेकडच्या युनिव्हर्सिटीत शिकत होते. भारतात परत निघालेल्या एका मुलाकडून त्यांनी गाडी घेतली होती, हिरव्या रंगाची, रंग बघूनच. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. ह्या चौकात थांबायला ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला. गंजलेला पाइप फुटला होता. गाडी चौक ओलांडून शेतात गेली आणि झाडावर आपटली. उजवा हात तीन ठिकाणी मोडला, खांदा निखळला, बरगड्या गेल्या. पलीकडच्या त्या घरातल्या नवरा-बायकोने त्यांना बाहेर काढलं.

"तुम्ही कळवलं का नाही?"

"आजी आजारी होती तेव्हा. तुझ्या आईवर सगळं पडलेलं. कळवून तुम्ही तिथून काय करणार होतात? परत या म्हणाला असतात, आणि मी आलोही असतो." ते थांबले. "उजव्या हाताने लिहिता येईना. डाव्याने मराठी जमेना. वॉर्डात एक टाइपरायटर होता, त्यावर एका बोटाने टाइप करायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बघितलं, ते माझं मलाच वाचता येईना. म्हणून मग इंग्रजीच. थोडंच लिहायचो. एका पत्राला एक दुपार लागायची."

मला त्या पत्रांतला शब्द न् शब्द पाठ होता. ते म्हणाले, "आईला सांगू नकोस. होऊन गेलं ते." आणि किल्ली फिरवली.

मी तो दिवस टेकडीवर कसा काढला, आठवत नाही. घरी आल्यावर मी बाबांच्या उजव्या हाताकडे बघायला लागले. ते भाताचा घास घेताना मनगट पूर्ण वळवत नसत. भरलेली बादली डाव्या हाताने उचलत. आमच्या समोरच होतं सगळं. सांगायचं नाही असं मी त्यांना कबूल केलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी शाळेतून आले तर आई पोळ्या करत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून, तव्याकडे बघत, सगळं एका दमात सांगून टाकलं.

आईचं लाटणं थांबलं नाही. तिने ती पोळी लाटली, तव्यावर टाकली, उलटली, भाजून खाली उतरवली. मग गॅस बंद केला.

"एका बोटाने?" तिने विचारलं.

"हो."

"आणि आपण त्याचे शब्द शोधत बसलो होतो." एवढं बोलून ती हात न धुताच बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. उरलेली कणीक मी झाकून ठेवली. त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिने त्यांना काहीही विचारलं नाही, मात्र भाताचं जड पातेलं ते उचलायला गेले तेव्हा तिने ते त्यांच्या आधी उचललं.

शनिवारी पहाटे मी उठले तर आई साडीवर जाड कोट घालून, डोक्याला मफलर बांधून तयार. टेबलावर शंकरपाळ्यांनी भरलेला स्टीलचा डबा.

"अगं, तू कुठे निघालीस?" बाबा म्हणाले. "तिथे फार थंडी असते. दिवसभर बसावं लागतं."

"मला ती जागा बघायचीय," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधत राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी जाऊन गाडी सुरू केली, आणि आई पुढच्या सीटवर बसेपर्यंत आतून हीटरचा वारा तिच्या बाजूला वळवून ठेवला. वाटेत रेडिओवरचं एकुलतं स्टेशन वाजत होतं, ते आईनेच बंद केलं.

चौकापाशी आम्ही तिघं उतरलो. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. शेत, कुंपणाची तार, आणि एक झाड, ज्याच्या बुंध्यावर माझ्या कमरेच्या उंचीला साल गेलेली होती. आई बर्फातून चालत त्या झाडापर्यंत गेली. साडीचा काठ भिजला. तिने सालीवर हात ठेवला आणि परत फिरली. "घर कुठलं?" तिने विचारलं. बाबांनी दाखवलं. "अगं, पण त्यांना काय आठवणार आता," ते म्हणेपर्यंत ती निघालीसुद्धा होती.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. बाबांनी अडखळत सांगितलं, काही वर्षांपूर्वी, हिरवी गाडी. बाई म्हणाली, दर हिवाळ्यात कुणी ना कुणी त्या चौकात घसरतंच, तिला सगळे लक्षात नाहीत. मग ती बाबांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागली. म्हणाली, "तू तो मुलगा का, ज्याच्या रक्ताने माझ्या सोफ्यावर डाग पडला आणि जो अँब्युलन्स येईपर्यंत सॉरी सॉरी म्हणत होता?" बाबांनी मान हलवली, आणि तोंडातून पुन्हा सॉरीच निघालं.

आईला सोफा आणि सॉरी एवढंच कळलं असावं. तिने डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि माझ्याकडे वळली.

"नीला, तिला सांग, मी ह्यांची बायको आहे. मला परवाच कळलं. म्हणून यायला उशीर झाला."

मी ते एकेक शब्द करत इंग्रजीत सांगितलं. बाबा दाराच्या चौकटीकडे तोंड करून उभे होते. बाईने डबा घेतला, दुसऱ्या हाताने आईचं कोपर धरलं आणि आम्हाला आत घेतलं. तिने चुलीवर कॉफी ठेवली. आईने कॉफी कधी घेतली नव्हती, त्या दिवशी दोन कप घेतले. मग तिने बाबांना, सगळ्यांदेखत, मराठीत, हात कुठे कुठे मोडला होता ते विचारायला सुरुवात केली, आणि बाबा बाही वर सारून एकेक जागा दाखवत गेले. टेकडीवर लिंडा माझी वाट बघत असणार होती. मी खिडकीशी बसून शंकरपाळे खात राहिले. निघायची घाई कुणालाच नव्हती.